कळकाची नळी आणि साळूचा काटा

त्या मुलखात कुणाचंही दुखणं विसरलं जात नसे. तलावाकाठी एक जुनी बाभूळ होती आणि तिच्या फांद्यांना गवताच्या शेकडो दोऱ्या लोंबत असत. मुलखातल्या प्रत्येक प्राण्याची एक दोरी. कुणाला कधी ताप आला, कुणाचं कोणतं हाड मोडलं, कुणाला कोणतं औषध मानवलं आणि कोणतं अंगावर उठलं, हे सगळं त्या दोरीत गाठी मारून ठेवलेलं असे. गाठी मारायचं काम सुगरण पक्ष्यांकडे होतं. नाव सुगरणीचं असलं तरी विणतात ते नरच, आणि माद्या शेजारच्या फांदीवर बसून चुका काढतात. त्यामुळे काम चोख होई.

ही गाठींची विद्या कुणी झाकून ठेवलेली नव्हती. बाभळीखाली रोज सकाळी शाळा भरे. तापाची गाठ कोणती, जखमेची कोणती, उजवं-डावं कसं दाखवायचं, हे ज्याला शिकायचं असेल त्यानं यावं आणि शिकून जावं. पाणी प्यायला आलेलं कासवसुद्धा जाता जाता मान वर करून म्हणे, "अहो, तिसऱ्या फांदीवरच्या त्या गाठीला एक पेड कमी पडलाय," आणि गाठ तिथल्या तिथे सुधारली जाई. यात कासवाचा फायदा काय, असं एका शहाण्यानं विचारलं होतं. कासव म्हणालं, "माझीही दोरी तिथंच टांगलीय ना बाबा."

वैद्य मात्र बाभळीजवळ राहत नसत. जिथं मुळ्या उगवतात तिथं वैद्य, असा त्यांचा शिरस्ता. दरीपलीकडच्या डोंगरावर धोंडाक्का नावाची साळू राही. ही साळू म्हणजे अंगभर काटे असलेलं साळिंदर, आणि जिभेलाही काटेच. तिच्याकडे गेलेला रोगी आधी बोलणी खाई आणि मग औषध. पण हात असा हलका की, बोलणी खायला दूरदूरचे प्राणी रांग लावून बसत. डोंगर सोडून बाभळीपर्यंत यायचं तर तिच्या चालीनं महिना लागला असता, म्हणून ती कधी आलीच नव्हती.

मग रोग्याच्या दोरीत काय लिहिलंय हे तिला कळायचं कसं? त्यासाठी राघू होते. दरीत ओळीनं पाच उंच झाडं होती आणि प्रत्येकावर एक राघू बसे. बाभळीवरचा राघू दोरी वाचून ओरडे, पहिल्या झाडावरचा ते ऐकून पुढं ओरडे, आणि असं करत निरोप डोंगरावर पोचे. ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून प्रत्येकानं तीनदा ओरडायचं, हा रिवाज. राघूंना या रिवाजाचा फार अभिमान. त्यांचा मुकादम भिकाजी याचा आवाज तर असा खडा की, "गव्याला जुलाब!" हे त्यानं एकदा आळवलं तेव्हा अर्धा मुलूख ऐकत उभा राहिला. गवा बिचारा त्यानंतर आठ दिवस तलावावर फिरकला नाही.

त्या पाच झाडांपैकी तिसऱ्या झाडाखाली एक सपाट खडक होता. तिथं दुपारच्या वेळी कोळसुंदे पहुडत. कोळसुंदे म्हणजे तांबडे रानकुत्रे. शिकारीसाठी पाच-पाच कोस धावणारी जात. पण अलीकडे त्यांच्या अंगावर मांस चढायला लागलं होतं. त्यांचा म्होरक्या तांबोजीराव याचं तर पोट सुटलं होतं. चितळांचे कळप म्हणत, "काय करायचं, आपलं नशीबच फुटकं. जो जरा आजारी पडतो, नेमका तोच त्यांच्या तावडीत सापडतो." नशिबाला दोष दिला की विचार करावा लागत नाही, हे चितळांनाही ठाऊक होतं.

असं चाललेलं असताना सोनकी नावाची एक चितळीण कळपाबरोबर पलीकडच्या डोंगरावर चरायला गेली आणि तिच्या मागच्या डाव्या खुरात काटा घुसला. खूर आतून सडायला लागलं. सोनकी कळपाच्या मधोमध चालू लागली, म्हणजे बाहेरून लंगडणं दिसू नये. उभं राहायचं तर तीन पायांवर, आणि कुणी बघितलं तर चौथा टेकवून हसायचं. आठ दिवस तिनं हे सोंग वठवलं. नवव्या दिवशी सूज घोट्यापर्यंत चढली तेव्हा ती चरत चरत गेल्यासारखी धोंडाक्काच्या दारात गेली.

धोंडाक्कानं खूर उचलून पाहिलं आणि आधी यथेच्छ बोलून घेतलं. "आठ दिवस काय खुराची पूजा बांधत होतीस? ही सूज गुडघ्यात शिरली की माझ्याकडे औषध नाही. पुढची पौर्णिमा, त्यापलीकडे नाही. समजलं?"

"मग औषध द्या ना, अक्का."

"देते की. दोन मुळ्या आहेत यावर, तांबडी आणि पांढरी. लहानपणी यातली एक तुला चालली नव्हती म्हणतेस. कोणती?"

सोनकीला आठवत नव्हतं. गळा सुजून श्वास अडकला होता एवढंच तिच्या आईनं सांगितलं होतं, आणि आई आता नव्हती.

"म्हणजे चुकीची दिली तर पायाच्या आधी गळा जाईल," धोंडाक्का म्हणाली. "थांब, राघूला सांगून दोरी मागवते."

हे ऐकल्याबरोबर सोनकी दुखऱ्या पायावरच उठून उभी राहिली. "नको अक्का! तुमच्या पाया पडते. दोरी मागवलीत की मी मेले. माझ्या मावशीच्या दम्याचं तीनदा ओरडले, आणि चौथ्या दिवशी मावशी नाही. तिच्या आधी तो एका डोळ्याचा नर. त्याचाही डोळा असाच ओरडला होता. तिसऱ्या झाडाखाली कोण बसतं, पाहिलंत का कधी?"

धोंडाक्कानं सोनकीला आपल्या बिळामागच्या घळीत लपवलं, खुराला साधा पाला बांधला आणि बाभळीला निरोप धाडला: 'रोग्यांच्या दोऱ्या ओरडू नका, कोळसुंदे ऐकतात.' रोग्याचं नाव तिनं घेतलं नाही. पण निरोप राघूंच्याच हाती होता. त्यांनी तो प्रत्येक झाडावरून, रिवाजाप्रमाणे, तीन तीनदा ओरडून पोचवला. खडकावर तांबोजीराव पोट धरधरून हसला.

बाभळीखाली सभा भरली. सुगरणींचा म्हातारा तातोबा घाबरून गेला होता, कारण दोरी विणली त्यानं आणि प्राणी मेले ते दोरीपायी. तेवढ्यात राखणदार धनेशराव पुढं आले. धनेश पक्ष्याच्या घराण्यात एक चाल आहे. मादी अंड्यांवर बसली की ढोलीचं दार चिखलानं लिंपून घ्यायचं, चोचीपुरती फट ठेवायची, आणि बाहेर नरानं पहारा करायचा. धनेशरावांच्या घरातले सगळे प्रश्न पिढ्यान् पिढ्या चिखलानंच सुटलेले होते.

"रोग कळला!" ते म्हणाले. "ही जी शाळा भरवता ना रोज, तिथंच सगळं पाणी मुरतंय. उठसूट कुणीही येतो, गाठी शिकून जातो. त्या तांबोजीची पोरंसुद्धा इथं शिकून गेलीत! बंद करा शाळा. बाभळीभोवती भिंत घाला."

भिंत म्हणजे काहीतरी केल्यासारखं दिसतं, त्यामुळे सभेनं ती एकमतानं मंजूर केली. बारा दिवस चिखल वाहणं चाललं. शाळा उठली. दोन सुगरण नर तेवढे आत राहिले, आणि तिसऱ्या कुणाला गाठीकडे बघायची बंदी झाली. भिंतीला चोचीपुरती फट ठेवली होती. त्या फटीपाशी भिकाजी राघू बसे, आतून कुजबुजत आलेला मजकूर ऐके, आणि मान वर करून सगळ्या दरीला तीनदा ओरडून सांगे. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आत बाहेरचं कुणी बघणारं नसल्यामुळे गाठी चुकायला लागल्या. एका रानडुकराला खोकला झाला होता. गाठीचा एक पेड राहिला आणि त्याला जुलाबाचं औषध मिळालं. डुक्कर बरं झालं म्हणा, कारण त्यानंतर खोकायची त्याची छातीच होईना. भिंतीबाहेर कासव रोज येऊन मान वर करी, काही दिसत नसे, आणि परत जाई. त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या चितळाच्या गुडघ्याची दोरी ओरडली गेली आणि कोळसुंदे बरोबर त्याच्यावर येऊन पडले. तो तलावात उडी मारून वाचला, शेपटी तेवढी मागं राहिली. धनेशराव म्हणाले, "भिंतीला अजून एक हात द्यायला हवा."

इकडे धोंडाक्का स्वस्थ बसलेली नव्हती. घळीत सोनकीची सूज रोज थोडी थोडी वर सरकत होती आणि चंद्र रोज थोडा भरत होता. धोंडाक्कानं दोन पावसाळे पाहिलेला कळक तोडला. कळक म्हणजे जाड सालीचा, टणक बांबू. त्याच्या पेरापेराच्या नळ्या केल्या. प्रत्येक नळीला झाकण, आणि झाकणाला आतून दातेरी खिट्टी. आपल्या पाठीचा एक काटा उपटून तिनं खिट्टीचे दात त्याच्या मापानं कोरले. आता झाकण नुसतं दाबलं की कुणाच्याही हातून बंद होई. उघडायला मात्र तोच एक काटा लागे.

नळ्या धाडायच्या कुणाबरोबर? योगायोगानं गव्याची दरी ओलांडायची वेळ आली होती. तो वर्षातून दोनदाच दरी ओलांडे. एकदा इकडून तिकडे, सहा महिन्यांनी तिकडून इकडे. त्याच्या अंगाला हात लावायची कुणा कोळसुंद्याची टाप नव्हती. शिवाय त्या जुलाबाच्या प्रकरणापासून त्याला या कामात जातीनं रस होता. धोंडाक्कानं नळ्यांची मोळी त्याच्या पाठीवर बांधली आणि एक नाव त्याच्या कानात सांगितलं.

"तातोबाच्या कानात सांग, आणि मग विसरून जा," ती म्हणाली.

"विसरलो," गवा म्हणाला.

"अरे मेल्या, आधी सांग, मग विसर!"

सहा दिवसांनी गवा बाभळीपाशी पोचला. वाटेत त्याची पाठ खाजत होती, आणि समोर भिंत दिसली म्हणून त्यानं ती जरा घासली. बारा दिवसांची भिंत एका दमात आडवी झाली. एक कोपरा तेवढा उभा राहिला. धनेशराव त्या कोपऱ्यावर जाऊन बसले आणि कुणाशी बोलेनात.

गव्यानं नळ्या सगळ्यांसमोर मांडल्या. झाकण कसं दाबायचं, खिट्टी कशी बसते, काटा कुठं घालायचा, सगळं उलगडून दाखवलं. गर्दीत मागं दोन कोळसुंदेही येऊन उभे होते. ते पाहून धनेशरावांना राहवलं नाही. "अहो, हे काय चालवलंय! शत्रूला कुलूप दाखवता?"

"अक्कांनी सांगितलंय की दाखव," गवा म्हणाला. "म्हणाल्या, बघू दे की. बघून कुणाला काही खोट सापडली तर सांगू दे, मी सुधारीन. काटा माझ्यापाशी आहे, तो काही मी पाठवलेला नाही."

कासवानं लगेच मान लांब करून एक खोट काढली. झाकणाच्या कडेला फट राहत होती, तिथून दोरीचं टोक बाहेर डोकावलं असतं. कड घासून घेतली.

मग गव्यानं आणखी एक गोष्ट केली, धोंडाक्कानं बजावून सांगितलेली. नळीच्या झाकणाची आतली बाजू त्यानं भिंतीच्या उरलेल्या कोपऱ्याच्या ओल्या चिखलात दाबली. खिट्टीच्या दातांचा ठसा उमटला: लांब, आखूड, आखूड, तिरपा, लांब. "ही अक्कांची खूण. मी त्यांच्या दारातून उचलून स्वतः आणलीय. यापुढे त्यांच्या नावानं कुठलीही नळी आली की या ठशात बसवून बघायची. बसली तर त्यांची." एवढं सांगून त्यानं तातोबाच्या कानात नाव सांगितलं आणि आता खरोखरच विसरून तो पाणी प्यायला गेला. पौर्णिमेला सहा दिवस उरले होते.

राघूंना मात्र ही गोष्ट फार लागली. "म्हणजे आम्ही आता हमाल!" भिकाजी म्हणाला. "ओरडायचं नाही तर राघू कशाला हवेत? घारीला सांगा की!" तातोबानं त्याची समजूत काढली. घार वाटेत उंदीर दिसला की नळी टाकून देईल, आणि नुसती उघडी दोरी दिली तर तुम्ही लोक ती वाचल्याशिवाय राहणार नाही, हे त्यानं हळूच सांगितलं. भिकाजीनं यावर जरा विचार केला. राघूच्या पोटात शब्द राहत नाही हे त्यालाही नाकारता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तातोबा सोनकीच्या दोरीची नक्कल विणून तयार झाला. तेवढ्यात एक डोमकावळा पंख झाडत उतरला. चोचीत सुबक कळकाची नळी, झाकण उघडं.

"धोंडाक्कांकडून आलोय," तो धापा टाकत म्हणाला. "गव्यानं आणलेल्या नळ्यांना घाम लागून त्या फुगल्यात, बरं का. ही नवी. रोग्याची दोरी यातच घाला, घाई आहे म्हणाल्यात. रोगी अगदी शेवटच्या घटका मोजतोय हो!"

रोगी जातोय म्हटल्यावर तातोबाला दुसरं काही सुचेना. त्यानं नळी घेतली आणि दोरी आत सरकवायला लागला. अर्धी गेलीसुद्धा.

"थांबा!" कोपऱ्यावरून आवाज आला. धनेशराव कालपासून पहिल्यांदाच बोलत होते. "ती नळी इकडं आणा."

"अहो धनेशराव, वेळ नाही. रोगी..."

"भिंत पडली माझी, डोळे नाही पडले. आणा म्हणतो ना!"

दोरी बाहेर काढून नळी ठशावर धरली. लांब बसला, आखूड बसला, पुढचा दात मात्र चिखलात रुतून नवंच भोक पाडून गेला. धनेशरावांनी मान तिरकी करून पुन्हा बसवून पाहिली, उलटी करून पाहिली. नाही म्हणजे नाही. त्यांनी विचारायला तोंड वर केलं तेव्हा कावळा तिसऱ्या झाडाच्या दिशेनं निघून गेलेला होता. आणखी एक वीत दोरी आत गेली असती आणि झाकण दाबलं असतं, तर सोनकीचं नाव त्या दुपारी खडकावर वाचलं गेलं असतं. त्या दिवसापासून धनेशरावांनी ठशाचा पहारा घेतला. संशय हा त्यांचा स्वभावच होता. आता त्याला जागा मिळाली.

खऱ्या नळीत दोरी घातली, झाकण दाबलं, खिट्टी कट्कन बसली. भिकाजी ती चोचीत धरून उडाला. पहिलं झाड गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या झाडावर तो सवयीनं उतरला. खाली खडकावर कोळसुंदे कान टवकारून बसले होते. समोर ऐकणारे दिसले आणि तीस वर्षांचा रिवाज भिकाजीच्या गळ्यात उसळून आला. त्यानं पहिली हाक द्यायला चोच उघडली.

नळी सरळ खडकावर पडली.

पुढचा सगळा दिवस कोळसुंद्यांनी त्या नळीला काय काय केलं हे सांगण्यासारखं नाही. हलवली, आपटली, कड्यावरून लोटली, पुन्हा आणली. आत दोरी खुळखुळ वाजे. गाठी त्यांना सगळ्या वाचता येत होत्या, शाळेत शिकलेल्याच होत्या. पण वाचायला आधी दिसायला तर हव्यात. शेवटी तांबोजीराव म्हणाला, "व्हा बाजूला. बायकांसारखे काय चाटताय!" त्यानं नळी दाढेखाली घेतली आणि सगळा जोर लावला. काडकन आवाज झाला. कळप आनंदानं ओरडला. तांबोजीराव ओरडला नाही. त्यानं तोंड मिटलं, नळी झुडपात भिरकावली आणि "फालतू आहे, आत काही नाही," असं दातांआडून पुटपुटत तो खडकामागं गेला.

भिकाजी परत बाभळीवर आला तेव्हा त्याच्या पिसांचा रंग उतरला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं एखादी गोष्ट एकदाच सांगितली आणि तीही हळू. "माझ्या तोंडानं रोग्याचा जीव घेतला असता," तो म्हणाला आणि रडला. तातोबानं रातोरात दुसरी नक्कल विणली आणि नळी या वेळी भिकाजीच्या पायाला बांधली. "आता चोच मोकळी आहे तुझी. वाटेत काय वाटेल ते ओरड, फक्त पाय सोडू नकोस."

भिकाजी उडाला तो आपल्या सासूची गाऱ्हाणी ओरडत. ती कशी घोरते, कशी डाळिंब एकटी खाते, सगळं प्रत्येक झाडावरून तीन तीनदा. खडकावरच्या कोळसुंद्यांनी पहिल्या दिवशी मोठ्या आशेनं ऐकलं आणि त्यात काहीतरी गूढ असेल म्हणून पाठही केलं.

धोंडाक्कानं पाठीचा काटा घातला, खिट्टी फिरली, दोरी बाहेर आली. तिनं बोटांनी गाठी चाचपल्या. पांढरी मुळी: गळा सुजला. म्हणजे तांबडी द्यायची. पौर्णिमेला चार दिवस होते आणि सूज गुडघ्याखाली दोन बोटं होती. तिनं तांबडी मुळी ठेचली आणि खुरात भरली. सोनकीनं दात आवळून डोळे मिटले. पौर्णिमेच्या सकाळी सूज घोट्याशी उतरली होती. धोंडाक्का म्हणाली, "बघतेस काय? पाय टेकव!" सोनकीनं चौथा पाय टेकवला, या वेळी न हसता, आणि तो टिकला. मग ती हसली. धोंडाक्काही हसली असावी, पण तिनं पाठ फिरवलेली होती.

सोनकी कळपात परतली तेव्हा कुणी तिला खुराचं काही विचारलं नाही, कारण कुणाला ते कळलंच नव्हतं. ती आता कळपाच्या कडेनं चाले. बाभळीखाली शाळा पुन्हा भरली, कासव पुन्हा मान वर करू लागलं. परतीच्या निरोपांसाठी तातोबानंही आपल्या नळ्या केल्या, बाभळीच्या एका काट्यानं उघडणाऱ्या. कोळसुंद्यांना पुन्हा पाच-पाच कोस धावावं लागू लागलं आणि त्यांची पोटं जागच्या जागी गेली. शिकार त्यांनाही मिळे, चितळांनाही पळता येई. जसं पूर्वी होतं तसं.

एका भर दुपारी, धोंडाक्काच्या दारात रांग नसताना, झुडूप हललं. आधी इकडंतिकडं बघणारे दोन डोळे दिसले, मग तांबोजीराव बाहेर आला. त्याचा एक गाल भोपळ्याएवढा सुजला होता.

"काय रे, कुणी मारलं?" धोंडाक्कानं विचारलं.

"दाढ," तो कसाबसा म्हणाला. "मोडलीय. त्या दिवसापासून दुखतीय. अक्का, हळू बोला. कळपाला माहीत नाही. दाढ गेलेल्या म्होरक्याला आमच्यात एक दिवस ठेवत नाहीत, तुम्हाला तर ठाऊकच आहे."

"आ कर." तिनं तोंडात पाहिलं आणि बोलायचं ते बोलून घेतलं. मग म्हणाली, "काढावी लागेल. पण गुंगीचा पाला तुला चालतो की नाही ते बघितल्याशिवाय हात लावणार नाही मी. तुझीही दोरी आहे बाभळीवर. मागवते."

तांबोजीरावाचे कान एकदम आडवे झाले. "ओरडून?"

"ओरडून कसली मेल्या, कोणत्या जमान्यात आहेस? नळीतून."

तिनं ढिगातली एक उघडी नळी उचलून त्याच्यापुढं ठेवली. तांबोजीरावानं ती पंजानं गोल फिरवून पाहिली, झाकणाची कड हुंगून पाहिली.

"नक्की कुणाला उघडत नाही ना, अक्का? म्हणजे... अगदी कुणालाच?"

धोंडाक्कानं झाकण दाबलं. खिट्टी कट्कन बसली. "तूच बघ ओढून."

तांबोजीरावानं नळी दोन पंजांत घट्ट धरली. दुखरी बाजू सांभाळत, चांगल्या दातांत झाकण पकडून त्यानं ओढलं. मागचे पाय रोवून पुन्हा ओढलं. मग मान झटकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ओढलं. खिट्टी जागची हलली नाही. त्याची शेपटी मात्र हलायला लागली.